पायऱ्यांवरचा गुडघा

सकाळच्या गर्दीत दादर स्टेशनच्या पुलावर दहा मिनिटं उभं राहून उतरणाऱ्यांचे पाय पाहावेत. बहुतेकांना पायरीकडे बघावंही लागत नाही. पण कडेला, कठड्याला लगटून उतरणारी काही माणसं असतात. अंग जरासं तिरकं, एका हातात डब्याची पिशवी, दुसरा हात कठड्यावर. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर त्याच्याशेजारी, क्षणभर दम, मग पुढची पायरी. मागची गर्दी खोळंबते, कुणीतरी 'चला ना मावशी' म्हणून पुढे घुसतं. ही माणसं दवाखान्यात निघालेली नसतात, कामावर निघालेली असतात. कुणाला बँकेचं काउंटर उघडायचं असतं, कुणाला चार घरच्या पोळ्या लाटायच्या असतात. विचारलं तर म्हणतात, 'काही नाही हो, गुडघे जरा धरलेत.'

या 'जरा'मध्ये किती काय दडलेलं असतं, ते कळण्यासाठी आधी जिन्यापासूनच सुरुवात करायला हवी. बर्लिनच्या संशोधकांनी गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत काही रुग्णांना असे कृत्रिम सांधे बसवले, की त्यांच्या आतच भार मोजणारी यंत्रणा होती. रुग्ण चालला, उठला, जिना चढला की सांध्यावर नेमका किती भार पडतो, ते बाहेर बिनतारी कळायचं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजमापांनुसार सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. खुर्चीतून उठताना जवळपास तेवढाच, जिना चढताना तिपटीहून थोडा अधिक आणि उतरताना साधारण साडेतीन पट. म्हणजे साठ किलो वजनाच्या बाईच्या एका गुडघ्यावर उतरतानाच्या प्रत्येक पायरीला दोनशे किलोंहून जास्त भार. निरोगी माणसाला चढण्यापेक्षा उतरणं सोपं वाटतं, कारण दम लागत नाही. पण उतरताना मांडीचे स्नायू ब्रेकचं काम करतात, आणि तो ब्रेक कमजोर झाला की सगळा धक्का सांध्यावर जातो.

म्हणूनच ऑस्टिओआर्थ्रायटिसची, म्हणजे सांध्यांच्या झिजेच्या संधिवाताची, पहिली तक्रार बहुधा जिन्यावर उमटते. लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासातल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा गुडघेदुखी कोणत्या क्रमाने माणसाचा ताबा घेते ते स्पष्ट दिसलं. आधी जिना. मग सपाटीवरचं चालणं. मग नुसतं उभं राहणं. त्यानंतर बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर दुखणं, आणि सगळ्यात शेवटी रात्री अंथरुणात, झोपेतून उठवणारा ठणका. आजाराची तीव्रता म्हणजे काय, याचं इतकं साधं आणि इतकं खरं वर्णन मला दुसरीकडे सापडलं नाही. माणूस एकेका पायरीने खाली येत असतो.

दवाखान्यात मात्र तीव्रतेचं दुसरंच माप चालतं. एक्स-रे दिव्यासमोर धरतात आणि म्हणतात, 'गॅप कमी झालाय, ग्रेड थ्री आहे.' ही ग्रेड १९५७ साली जोनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ठरवली. शून्य ते चार अशा पाच पायऱ्या: हाडाच्या कडेला वाढलेले काटे किती, दोन हाडांमधली फट किती अरुंद झाली, हाडाचा आकार किती बदलला. जगभर आजही तीच मोजपट्टी वापरतात. मला महत्त्वाची वाटते ती त्या दोघांची आधीची वाट. १९५२ साली त्यांनी लँकेशायरमधल्या कोळसा खाणकामगारांच्या सांध्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बुटक्या बोगद्यांत गुडघ्यांवर रांगत काम करणारी ती माणसं होती. म्हणजे ही मोजपट्टी घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काम करणारा माणूस होता. पुढे मोजपट्टी राहिली आणि माणूस तिच्यातून निसटला.

निसटला असं म्हणण्याला कारण आहे. एक्स-रेवर कूर्चा दिसतच नाही, दिसते ती हाडांमधली रिकामी फट. हाडांच्या टोकांवरच्या या गुळगुळीत कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात आणि संवेदना वाहणारे मज्जातंतूही नसतात. त्यामुळे कूर्चा झिजते तेव्हा ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर आणि भोवतालचे स्नायुबंध. 'वंगण संपलं' किंवा 'गादी झिजली' असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. हा आजार सबंध सांध्याचा आहे, त्यात सूज आहे, हाडाचे बदल आहेत, स्नायूंचं दुबळेपण आहे. म्हणून ग्रेड चारचा गुडघा घेऊन रोज फिरायला जाणारी माणसं सापडतात आणि ग्रेड दोन असूनही रात्री कण्हणारीही सापडतात.

माझी मावशी या दुसऱ्या गटातली. साताऱ्यात एका पोळी-भाजी केंद्रात ती सकाळी कामाला जाते. एक्स-रे पाहून तिला सांगितलं गेलं, 'फार काही नाही, वयाप्रमाणे आहे.' तिने ते मान्यही केलं. पण ज्या पोळ्या ती पूर्वी दीड तासात उरकायची, त्यांना अडीच तास लागू लागले, कारण मधूनमधून ओट्याला रेलून एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यावा लागायचा. पीठ खालच्या डब्यातून काढायचं असलं की ती सोबतच्या मुलीला हाक मारते. संध्याकाळची भजनी मंडळी तिने सोडली, कारण तिथे खाली सतरंजीवर बसतात आणि उठताना चार जणींनी धरून उठवलेलं तिला आवडत नाही. 'पण मी एक दिवस खाडा केलेला नाही,' हे ती अजून अभिमानाने सांगते.

काम किती बुडालं हे मोजणाऱ्यांना नेमका हाच अभिमान अडचणीत आणतो. आजारामुळे घेतलेली रजा मोजता येते, हजेरीपटावर ती दिसते. पण माणूस हजर आहे आणि अर्ध्या ताकदीने काम करतो आहे, हे कुठल्याच पटावर येत नाही. १९९३ साली यासाठी एक छोटी प्रश्नावली तयार झाली. फक्त सहा प्रश्न, गेल्या सात दिवसांपुरते. नोकरी करता का, आजारामुळे किती तास बुडाले, इतर कारणांनी किती बुडाले, प्रत्यक्ष किती तास काम केलं. आणि मग दोन प्रश्न शून्य ते दहाच्या पट्टीवर: काम करत असताना दुखण्याने ते किती अडलं, आणि नोकरीबाहेरची रोजची कामं किती अडली. सांध्यांच्या झिजेच्या बाबतीत देशोदेशी दिसतं ते असं: दुखणं सौम्याकडून मध्यमाकडे आणि मध्यमाकडून तीव्राकडे सरकतं तसे सगळेच आकडे चढतात, पण बुडालेल्या तासांपेक्षा हजर राहून अडलेल्या कामाचा वाटा बराच मोठा असतो. माणसं सुट्टी घेत नाहीत, ती सोसतात. आणि शेवटच्या टप्प्यावर एकदम कामच सोडतात. तोवर त्यांच्या वरिष्ठांना काही कळलेलं नसतं.

रोजंदारीवरच्या माणसाचं तर विचारूच नये. त्याला खाड्याचा पगार मिळत नाही, म्हणून तो खाडा करत नाही. आणि घरकाम किंवा घरच्या शेतातलं काम करणाऱ्या बाईला 'नोकरी करता का' या पहिल्याच प्रश्नाला 'नाही' म्हणावं लागतं, मग मधले प्रश्न तिच्यासाठी उरतच नाहीत. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ साली जगात ५२ कोटी ८० लाख लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता आणि त्यांत सुमारे साठ टक्के स्त्रिया होत्या. भारतापुरता अंदाज १९९० साली सुमारे दोन कोटी पस्तीस लाख होता, तो २०१९ मध्ये सहा कोटी वीस लाखांच्या पुढे गेला. या बायांचं बुडालेलं काम कुठे नोंदलं जातं? कुठेच नाही. ते घरातली दुसरी कुणीतरी उचलते, बहुतेक वेळा शाळेत जाणारी मुलगी.

दुखण्याने रोजचं जगणं किती अडलं हे विचारणारी जगभरची प्रसिद्ध प्रश्नावली 'वोमॅक' नावाची आहे. कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टॅरिओ आणि मॅकमास्टर या दोन विद्यापीठांच्या नावांतून ते आद्याक्षरी नाव आलं. चोवीस प्रश्न: पाच वेदनेचे, दोन सांधे आखडण्याचे आणि तब्बल सतरा हालचालींचे. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण शहाण्णव. गुण जितके जास्त तितका माणूस अडलेला. चोवीसपैकी सतरा प्रश्न 'काय करता येत नाही' याचे आहेत, ही या प्रश्नावलीची मोठी समज. पण ते सतरा प्रश्न वाचत गेलं की कॅनडातलं घर उभं राहतं. बाथटबमध्ये जाता-येता त्रास होतो का? मोजे चढवताना? मोटारीत बसता-उतरताना?

आपल्याकडच्या बाईचं उत्तर यात कुठे बसायचं? तिला मांडी घालून बसता येतं का, हे कुणी विचारलेलं नाही. उकिडवं बसून भांडी घासता येतात का, पाटावर बसून भाजी चिरता येते का, खुरपणीला वाफ्यात तासभर बसता येतं का, देवासमोर वाकून पुन्हा उठता येतं का, आणि सर्वांत अवघड म्हणजे भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसून हात न टेकता उठता येतं का, यातलं काहीच त्यात नाही. पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वोमॅकची भारतीय जगण्याला जुळणारी आवृत्ती तयार केली, ती पुणे आवृत्ती म्हणून ओळखली जाते. मला हे काम औषधाच्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं. प्रश्नच चुकला तर दुखणं नोंदलं जात नाही, आणि नोंदलं न गेलेल्या दुखण्यावर कुणी उपाय शोधत नाही.

याच गटाने १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांमध्ये सुमारे अठरा टक्क्यांना हाडं, सांधे किंवा स्नायूंचं दुखणं होतं. उजनीच्या पाण्याकाठचं, ऊस आणि मासे यांवर जगणारं हे गाव. दवाखान्यात येणाऱ्यांची यादी करून हा आकडा कधीच हाती आला नसता, कारण गुडघेदुखीसाठी दवाखान्यात जायचं असतं हेच अनेकांना वाटत नाही. 'वय झालं' म्हटलं की विषय संपतो.

कामाने गुडघे झिजतात का, हा प्रश्न बाकीच्या जगाने बराच आधी हाताळला. बीजिंगमधल्या अभ्यासात तरुणपणी रोज तीन तासांहून जास्त उकिडवं बसणाऱ्यांमध्ये म्हातारपणी गुडघ्याच्या झिजेचं प्रमाण, अर्ध्या तासाहून कमी बसणाऱ्यांच्या मानाने, दुपटीच्या आसपास आढळलं. याचा अर्थ उकिडवं बसणं वाईट असा नाही; थोडा वेळ, निरोगी गुडघ्यांनी बसणं ही चांगलीच हालचाल आहे. प्रश्न तासन् तास, वर्षानुवर्षं आणि डोक्यावर-कमरेवर भार घेऊन बसण्या-उठण्याचा आहे. जर्मनीने २००९ साली गुडघ्याच्या झिजेला व्यावसायिक आजारांच्या यादीत जागा दिली आणि अटही आकड्यात घातली: आयुष्यभराच्या नोकरीत गुडघे टेकून किंवा तशाच ताणात केलेलं किमान १३,००० तासांचं काम, आणि प्रत्येक पाळीत किमान एक तास. त्याच वर्षी ब्रिटनने 'खाणकामगाराचा गुडघा' नुकसानभरपाईच्या यादीत घेतला. केलग्रेन-लॉरेन्सच्या अभ्यासाला तोवर सत्तावन्न वर्षं उलटली होती.

आता आपला हिशोब करून पाहा. वर्षातले दोनशे दिवस, रोज चार तास उकिडवं बसून खुरपणी-भांगलण करणारी शेतमजूर बाई सोळा-सतरा वर्षांत तेरा हजार तास पुरे करते. विसाव्या वर्षी सुरुवात केली असेल तर चाळिशीच्या आत. फरशी बसवणारे, गाद्या शिवणारे, वीटभट्टीवरचे, सगळ्यांचं गणित असंच. या माणसांनी जर्मनीत अर्ज केला असता तर निदान तो वाचला गेला असता.

उभ्याचं कामही कमी नाही. केरळमधल्या कापडदुकानांत बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या बायांनी बसायच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली तिथल्या सरकारने कायद्यात तशी सुधारणा केली. २०२१ मध्ये तमिळनाडूने तेच केलं. खरं तर कारखान्यांतल्या उभ्या कामगारांना बसायची सोय हवी, ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात होतीच. एका स्टुलासाठी सत्तर वर्षं लागावीत, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. कारण ज्याचा गुडघा मध्यम टप्प्यावर आहे त्याच्यासाठी दर तासाला पाच मिनिटं बसायला मिळणं म्हणजे नोकरी टिकणं आणि सुटणं यांतला फरक असू शकतो.

दुखण्याचं चक्र एकदा समजून घेतलं की हे पटतं. गुडघा दुखतो म्हणून माणूस कमी चालतो. कमी चालल्याने मांडीचे स्नायू सैल पडतात, तोच तो ब्रेक. शिवाय कूर्चेला रक्तवाहिन्या नसल्याने तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, दाब पडला की द्रव बाहेर, दाब सुटला की आत; हालचाल थांबली की हेही मंदावतं. वजन वाढतं, भार वाढतो, दुखणं वाढतं. रात्रीची झोप मोडू लागली की वेदना सोसायची ताकदही घटते आणि सकाळी कामावर पोचलेला माणूस आधीच थकलेला असतो. मग तो लग्नाला जाणं टाळतो, वरच्या मजल्यावरच्या बहिणीकडे जात नाही, जेजुरीला पायथ्यापासूनच हात जोडतो. ही यादी कुठल्याच ग्रेडमध्ये येत नाही.

पण चक्र म्हटलं की ते उलट फिरवायलाही जागा असते, आणि ती बरीच आहे. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हा आज या आजारावरचा सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, रोजचं सपाटीवरचं चालणं. सुरुवातीला थोडं दुखतं आणि इथेच बहुतेक जण घाबरून सोडतात. व्यायामानंतरचं सौम्य दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत शमत असेल तर ते नुकसानीचं लक्षण नव्हे. वजनाचं गणितही दिलासा देणारं आहे: शरीराचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, हे अमेरिकेतल्या २००५ सालच्या अभ्यासाने दाखवलं. पाच किलो घटले तर प्रत्येक पावलाला वीस.

याउलट ज्यांवर खूप पैसा जातो त्यांतल्या काही गोष्टी टिकलेल्या नाहीत. २००२ साली अमेरिकेत १८० रुग्णांवर झालेल्या प्रसिद्ध चाचणीत दुर्बिणीने गुडघा 'साफ' करणं आणि नुसता कातडीला छेद देऊन टाके घालणं यांत फरक पडला नाही. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉयटिनच्या गोळ्याही २००६ च्या मोठ्या चाचणीत एकंदर रुग्णांमध्ये साखरेच्या गोळीहून सरस ठरल्या नाहीत. वेदनाशामक गोळ्यांनी आराम पडतो हे खरं, पण त्या महिनोन् महिने दुकानातून स्वतःच घेत राहिलं तर जठर आणि मूत्रपिंडं त्याची किंमत मोजतात. दिवस निभावण्यासाठी रोज एक गोळी खाऊन कामावर जाणारी कितीतरी माणसं आहेत.

शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००० आणि २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले आणि 'वाटी बदलणं' हा शब्द घरोघरी पोचला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, जो सरासरी दीड लाखावर विकला जायचा, तो करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आला. शेवटच्या टप्प्यातल्या, रात्रीची झोप गेलेल्या माणसाला ही शस्त्रक्रिया पुन्हा चालतं करते, आणि बहुतेक सांधे वीस-पंचवीस वर्षं टिकतात. तरी साधारण पाचांतला एक जण पूर्ण समाधानी नसतो. त्याचं एक कारण अपेक्षेत असतं. नव्या गुडघ्याने चालता येईल, जिना चढता येईल. पण मांडी घालून पंगतीला बसणं आणि वाफ्यात उकिडवं बसणं बहुतेकांना बंद करायला सांगतात. ज्या बाईची मजुरीच उकिडवी आहे, तिला हे आधी सांगायला हवं.

तिच्यासाठी काही साध्या गोष्टी मात्र आजही हाताशी आहेत. सायकल कोळपं घेतलं की ओळींतली खुरपणी बरीचशी उभ्याने होते. शौचालयावर ठेवायची खुर्ची मिळते. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची असते, बहुतेक जण ती दुखऱ्याच बाजूला धरतात आणि मग काठीचा उपयोग नाही म्हणून टाकून देतात.

मावशीच्या केंद्रात गेल्या दिवाळीनंतर ओट्याजवळ एक उंच स्टूल आलं. तिने मागितलं नव्हतं, सोबतच्या मुलीने मागितलं. आता पोळ्या बसूनच लाटते, वेळ अजून पूर्वीइतका झालेला नाही, पण पावणेदोन तासांवर आला आहे. जिन्याचा नियम तिला फिजिओथेरपिस्टने शिकवला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. परवा फोनवर म्हणाली, सतरंजीशेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची टाकली आहे, मंगळवारच्या भजनाला जाते आहे.